83 पाककृती आणि हसलेले अनारसे

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. चौदा महिने, ब्लॉगवर आठवड्याला एक-दोन याप्रमाणे 83 पाककृती, आणि जाहिरातींचे आजवर जमलेले 31 डॉलर. शाळेतली नोकरी सोडलीत, घरात ‘अजून किती दिवस?’ सुरू झालंय, आणि तुम्ही विचारताय की नेट लावून रोज एक पाककृती टाकू, की ब्लॉगला कुलूप लावू. मी ठाण्यात बसून हे 2018 पासून करतेय. मला विचाराल तर दोन्हींपैकी काहीच करू नका.

आधी पैशाचं बोलू, कारण घरचा प्रश्न तोच आहे. ॲडसेन्सवर, म्हणजे ब्लॉगवरच्या जाहिरातींचे पैसे देणाऱ्या गूगलच्या सेवेत, 10 डॉलर झाले की पत्ता तपासायला पोस्टाने पिन येतो, आणि 100 डॉलर झाल्याशिवाय बँकेत दमडी येत नाही. माझे पहिले 100 व्हायला 26 महिने लागले. पिनचं पाकीट आलं तेव्हा सासूबाईंनी ते देवापुढे ठेवलं होतं, त्यांना वाटलं चेक आहे. मराठी वाचकावर जाहिरातीचा दर कमी असतो, आणि दिवाळीला जरा वर गेलेला आकडा जानेवारीत धाडकन आपटतो. पहिल्या जानेवारीत मी रडले होते. नंतर कळलं की तो सगळ्यांचाच आपटतो, जाहिरातदारांचं वर्षाचं बजेट संपलेलं असतं म्हणून. तेव्हा 31 डॉलरवरून स्वतःला नापास करू नका. पण नोकरी सोडायची घाई झाली, हेही सांगते. शिकवण्या, अर्धवेळ काम, काहीही धरा. महिन्याचं वाणसामान ब्लॉगच्या भरवशावर असलं की माणूस घाबरून लिहितो, आणि घाबरून लिहिलेलं वाचताना कळतं.

आता ‘रोज एक’चं. मीही ते केलंय. 2019 मध्ये सलग शंभर दिवस शंभर पदार्थ असा पण केला होता. एकसष्टाव्या दिवशी घरच्यांनी संप केला. सगळं आधी फोटोसाठी मांडायचं आणि मग गार झालेलं खायचं. आमच्याकडे त्या काळात गरम भजी कोणी खाल्लीच नाहीत. त्या एकसष्टातल्या चार पाककृती आज वाचल्या जातात. बाकीच्या घाईत केलेल्या होत्या. एकदाच केलेल्या, जमल्या तशा लिहिलेल्या.

आता अनारशांचं सांगते, मला हा धंदा त्यांनी शिकवला. 2018 च्या दिवाळीत मी अनारशांची पाककृती टाकली. तांदूळ तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, निथळून कुटा, चाळा, वाटीला वाटी गूळ, मळून आठवडाभर ठेवा. आईच्या वहीतलं जसंच्या तसं. दिवाळीत थोडे लोक आले, मग सामसूम. खाली तीन प्रतिक्रिया, तिन्ही एकच: ‘ताई, अनारसे हसले.’ तुपात सोडल्यावर अनारसा विरघळून पसरला की आपण हसला म्हणतो, पण ते करणारी मात्र रडकुंडीला येते. मी तिघींना ‘तूप नीट तापलं नसेल’ असं उत्तर देऊन मोकळी झाले. आज त्या उत्तराची लाज वाटते.

2020 मध्ये अधिक आश्विन आला. धोंड्याचा महिना, जावयाला 33 अनारशांचं वाण, त्यात टाळेबंदी, बाहेरून आणायची सोय नाही. ते पान अचानक उठलं. आणि प्रतिक्रियांत पुन्हा तेच, हसले, हसले, हसले. नाशिकच्या एका काकूंनी लिहिलं की तीन किलो तांदळाचं पीठ वाया गेलं. तेव्हा मात्र मी खाली बसले आणि एकाच पिठाचे चार गोळे करून पाहिले. घोळ वाटीत होता. आई गूळ किसून अलगद वाटीत भरायची. लोक चिरलेला गूळ वाटीत दाबून भरत होते. माझ्या काट्यावर त्या दोन वाट्यांत चाळीस ग्रॅमच्या आसपास फरक पडला. गूळ जास्त झाला की अनारसा पसरतो. शिवाय तांदूळ नीट निथळला नाही, पीठ सैल राहिलं, तरी तेच.

मग मी पाककृती नव्याने लिहिली. सगळी मापं ग्रॅममध्ये. हसलेल्या अनारशाचा फोटो, तोही माझाच. हसला तर काय करायचं: सगळे लाटायच्या आधी एकच सोडून बघा, पसरला तर राखून ठेवलेली कोरडी पिठी थोडी थोडी मळून घ्या. उलट पीठ कोरडं होऊन तडे गेले तर जरासं केळं किंवा दुधाचा हात. खसखशीची बाजू वर, उलटायचं नाही, झाऱ्याने तूप उडवत तळायचं. आणि त्या तिघींना दोन वर्षांनी उत्तर लिहिलं. एकीचं परत आलं, ‘आता जमले.’

2023 च्या अधिक श्रावणात, 18 जुलैपासूनच्या चार आठवड्यांत, त्या एका पानाने बाकी सगळ्या ब्लॉगइतके वाचक आणले. मधली तीन वर्षं ते दिवाळी सोडली तर निपचित पडून होतं. त्यानंतरचा अधिक महिना 2026 च्या ज्येष्ठात. आता सांगा, चौदा महिन्यांत या पानाचा हिशेब कसा मांडायचा?

म्हणून माझं म्हणणं, पुढचे तीन महिने नवीन काही टाकू नका. तुमच्या 83 पैकी ज्यांवर कोणीतरी काही विचारलंय अशा दहा काढा. प्रश्न कितीही साधा असो, ‘साबुदाणा किती वेळ भिजवू’ असला तरी. तो पदार्थ पुन्हा करा, मुद्दाम बिघडवा, आणि बिघडलेलाही दाखवा. कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू. नवीन पदार्थ टाकताना लग्नघरासारखा उत्साह असतो, जुना दुरुस्त करणं म्हणजे दुसऱ्या दिवशीची भांडी. पण वाचक दुसऱ्यांदा येतो तो याच कामामुळे.

मी तुमची यादी चाळली. रागावू नका, पण पनीर बटर मसाला, व्हाइट सॉस पास्ता, बिनअंड्याचा केक हे सगळं जगात लाखभर ठिकाणी आहे, तिथे तुमचा नंबर कधी लागायचा? तुम्ही नागपूरच्या. गोळाभात एकदाच, तोही बाराव्या महिन्यात, आणि फोडणीचं तेल वरून किती घ्यायचं ते लिहिलंच नाही. पाटोडीचा रस्सा नाही. वडाभात नाही. सांबारवडी आहे, पण तिथे सांबार म्हणजे कोथिंबीर हे सांगितलेलं नाही. पुण्याच्या कोणीतरी खाली विचारलंय, ‘सांबार मसाला कधी घालायचा?’ आणि त्यावर तुमचं उत्तर नाही! अहो, तुमचा पुढचा वाचक तोच आहे. शीर्षकात ‘पुडाची वडी’ हे नावही घाला, खूप जण त्याच नावाने शोधतात. आणि बरेच लोक मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, तेव्हा पानाच्या पत्त्यात तरी ते नाव रोमनमध्ये असू द्या.

वेळेचंही थोडं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मोदक टाकून उपयोग नाही. सणाच्या पदार्थाचं पान मी दीड-दोन महिने आधी तयार ठेवते, सर्चमध्ये वर यायला तेवढा अवधी लागतोच. कुरडया-पापड फेब्रुवारीत, फराळ भाद्रपदात. घरात गणपती बसलेले आणि मी चकल्या तळतेय, हे आता शेजाऱ्यांच्याही अंगवळणी पडलंय.

कंपन्यांबद्दल जपून. दुसऱ्या वर्षी एका मसालेवाल्यांनी पाच पाककृती करून घेतल्या, ‘एक्स्पोजर मिळेल’ म्हणाले, आणि ठरलेले पैसे सात महिन्यांनी निम्मे दिले. तेव्हापासून अर्धी रक्कम आधी, बाकीची पान दिसायच्या आत, आणि ‘ही जाहिरात आहे’ हे मी वर स्पष्ट लिहिते. तसा नियमही आहे आणि वाचकांशी तो प्रामाणिकपणाही आहे. फुकट आलेल्या मिक्सरचंही करात पाहावं लागतं, 20,000 रुपयांच्या वरच्या भेटींवर टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा कर, लागू आहे. मसाला किंवा फराळ घरून विकायचा विचार आला तर आधी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी.

माझं स्वतःचं सांगायचं तर आज जाहिरातींतून एक तृतीयांश येतं. बाकीचं दिवाळीआधीच्या ऑनलाइन फराळ-वर्गांतून आणि दोन छोट्या उद्योगांसाठी फोटो काढण्यातून. वर्गाला येणाऱ्या बायका कुठून येतात म्हणाल, तर बहुतेक अनारशाच्या पानावरून. मध्यंतरी सर्चच्या क्रमवारीत उलथापालथ झाली आणि माझे निम्मे वाचक रातोरात गेले. आता तर लोकांना उत्तर सर्चमध्येच वरच्या वर मिळतं, पानावर यायचीही गरज पडत नाही. त्या काळात वर्गांनी तारलं. त्यामुळे फक्त जाहिरातींवर हा गाडा ओढेन असं म्हणत असाल, तर मी तुम्हाला हो म्हणणार नाही.

घरी ‘किती दिवस?’ विचारतात त्यांना तारीख द्या, मोघम बोलू नका. मी नवऱ्याला दिली होती: महिन्याला साहित्य, गॅस आणि डोमेन-होस्टिंग मिळून इतकेच रुपये, त्याच्या वर नाही, आणि अमुक दिवाळीपर्यंत वर्गाला दहा जणी आल्या नाहीत तर पूर्ण वेळ नोकरी. पहिल्या वर्गाला सहा आल्या. तारीख एकदा पुढे ढकलली, ते त्याने अजून ऐकवायचं सोडलेलं नाही.

त्या सांबारवडीच्या प्रश्नाला आज उत्तर द्या. आणि दुरुस्त केलीत की मला कळवा. पारीत नुसतं बेसन की थोडा मैदा, यावरून आमच्या मजल्यावरच्या वर्ध्याच्या काकूंशी माझा वाद चालू आहे, आणि मला एक साक्षीदार हवाय.