मॅडम, तोंड आलंय, म्हणजे आता संपलं का माझं?

एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या सेंटरवर मी काम करते, आणि माझ्या फोनवर लोक जिभांचे फोटो पाठवतात. सकाळी चहा घेताना व्हॉट्सअॅप उघडावं तर समोर कुणाची तरी जीभ, खाली एकच ओळ, मॅडम हे काय आहे. बघून झाला की फोटो डिलीट करते, कारण माझा फोन घरात मुलगाही घेतो. पण प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, एचआयव्ही आहे आणि तोंडात पांढरं आलंय, म्हणजे शेवटची स्टेज का?

यावर एका ताईची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक बदललंय.

ताई हडपसरच्या पुढे राहते, पोळी-भाजी केंद्रात कामाला. २०१२ पासून एचआयव्हीच्या गोळ्या चालू, तेव्हा सीडी-फोर (रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) ३५० च्या खाली गेल्याशिवाय सहसा गोळ्या सुरू करत नसत, आता तसं नाही, २०१७ पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच चालू. नवरा पण पॉझिटिव्ह, टेम्पो चालवतो, दोघांच्या गोळ्या तोच येऊन न्यायचा. ती आली तेव्हा तोंडाला स्कार्फ, मे महिन्यात पुण्यात सगळ्याच बायका स्कार्फ बांधतात म्हणून मला काही वाटलं नाही, पण खोलीत आली तरी सोडेना. म्हणाली, "मॅडम, तोंड आलंय, उष्णता झालीय."

दीड महिना उष्णताच चालू होती. जाईचा पाला चघळून झाला, गुलकंद झाला, तुरटीच्या गुळण्या झाल्या, गल्लीतल्या डॉक्टरकडून बी-कॉम्प्लेक्स दोनदा झालं (त्यांना हिने एचआयव्हीचं सांगितलंच नव्हतं, त्यामुळे त्यांना तरी काय बोलणार). वर ती रोज सकाळी पत्र्याच्या जीभ-साफने ते पांढरं खरवडायची, रक्त येईपर्यंत. छातीत जळजळतं म्हणून अॅसिडिटीची पुडी वेगळीच.

आणि हे सांगताना नाही, पण पुढचं सांगताना रडली. भाजीचं मीठ कळेना तिला. पंधरा वर्षं चिमटीच्या अंदाजाने मीठ घालणारी बाई, आठवड्यात दोनदा भाजी खारट झाली, गिऱ्हाईकांनी डबे परत आणले, मालकीण सगळ्यांसमोर म्हणाली लक्ष कुठंय तुझं. या इन्फेक्शनमध्ये चव जाते, तोंडात कापूस भरल्यासारखं वाटतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण एखाद्याची रोजीरोटीच चवीवर चालते हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

टॉर्च लावून बघितलं. आतल्या गालांवर, टाळूवर, जिभेवर दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे थर, खरवडलेल्या जागी लालभडक, ओठांचे कोपरे चिरलेले. तोंड येणं म्हणजे आपण जे छाले म्हणतो ते हे नव्हे, ही कॅन्डिडा नावाची बुरशी, लोक थ्रश म्हणतात. ही बुरशी बाहेरून आलेली नसते बरं का, कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात ती एरवीपण असतेच, शरीराची ताकद तिला दाबून ठेवते. ताकद घटली, सीडी-फोर साधारण २०० च्या खाली गेला, की ती डोकं वर काढते.

मी विचारलं, एवढी का घाबरलीस. तर म्हणाली चुलत भाऊ गेला २००३ मध्ये, त्याच्या तोंडात अस्संच होतं, शेवटी पाणीपण गिळवेना. म्हणजे बघा, तिच्या डोक्यात पांढरं तोंड म्हणजे भावाची तिरडी. तिला म्हटलं ताई, सरकारी दवाखान्यात या गोळ्या फुकट मिळायला लागल्या २००४ च्या एप्रिलमध्ये, तुझ्या भावाला बुरशीने नाही नेलं, त्याच्या वेळी औषधच हातात नव्हतं. तुझ्या हातात आहे. हे ऐकून ती गप्प झाली आणि खाली बघायला लागली, आणि मला कळलं की इथेच काहीतरी आहे.

गोळ्या घेतच नव्हती. सात महिने.

झालं असं की सासूबाई गावाहून कायमच्या राहायला आल्या. घर एका खोलीचं. गोळ्यांची बाटली हलली की खुळखुळा वाजतो तसा आवाज येतो, म्हणून हिने ती तांदळाच्या डब्यात खुपसली, मग सासूबाई स्वतः तांदूळ निवडायला लागल्या, मग तिथून पलंगाखाली, मग एक दिवस राहिली, दोन दिवस राहिली, आणि मग सुटलीच. नवऱ्याच्या गोळ्या टेम्पोत असायच्या, त्याचं व्यवस्थित चालू. तो यायचा, दोघांच्या घेऊन जायचा, मी विचारायचे ताई बऱ्या आहेत ना, तो हो म्हणायचा, मी पुढच्याला आत बोलवायचे. आता यात तिची चूक किती आणि माझी किती? माझी जास्त, असं मला वाटतं. सात महिने मी बाईचं तोंड बघितलेलं नाही.

मग मी विचारलं, गिळताना दुखतं का. "पोळी छातीत अडकते, गरम चहा टोचतो." ही अॅसिडिटी नव्हती, बुरशी अन्ननलिकेत उतरली होती. हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण नुसतं तोंडात असेल तर क्लोट्रिमॅझोलचं तोंडाला लावायचं औषध किंवा फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या आठवडा-दोन आठवडे पुरतात, गिळताना दुखत असेल तर फ्लुकोनॅझोल दोन ते तीन आठवडे लागतं आणि डोस डॉक्टरच ठरवतात, मेडिकलवाल्याकडून मनाने आणायचं काम नाही. सीडी-फोर आला १४२. डॉक्टरांनी टीबीसकट बाकीच्या तपासण्या केल्या, बाकीची इन्फेक्शन्स टाळायला सेप्ट्रान चालू केलं आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, पुन्हा सुरू, आता ती डोल्युटेग्रॅव्हिरवाली रोजची एकच गोळी. अॅसिडिटीची पुडी मात्र या गोळीबरोबर घ्यायची नाही, गोळीचं शोषण कमी होतं, गोळीनंतर दोन तास जाऊ द्यायचे, पुडी आधी घेतली असेल तर सहा तास.

पाचव्या दिवशी फोन, "मॅडम, साफ झालं, बंद करू?" अजिबात नाही. कोर्स पुरा. आणि बुरशीचं औषध फक्त आजची बुरशी घालवतं, एआरटी चालू राहिली नाही तर ती परत येणार, हे मी तिला तीनदा सांगितलं, चौथ्यांदा तीच मला म्हणून दाखवायला लागली.

तिचा अजून एक प्रश्न होता, जो सगळेच हळू आवाजात विचारतात. माझ्या हातच्या पोळ्यांतून कुणाला होईल का, नातवंडाची पापी घेतली तर? नाही. एचआयव्ही थुंकीतून, ताटवाटीतून, स्वयंपाकातून पसरत नाही, आणि बुरशी तर सांगितलंच, धडधाकट माणसाचं ती काही बिघडवत नाही. कामावर सांगायची सक्ती तिला कुणी करू शकत नाही, २०१७ चा एचआयव्ही कायदा त्यासाठीच आहे.

उलटी बाजूपण सांगते. मागे एक कॉलेजचा मुलगा पांढरी जीभ गुगल करून रडत आला होता, टेस्ट निगेटिव्ह. दम्याचा स्टिरॉइडचा पंप ओढून चूळ भरत नव्हता, एवढंच. कवळी, वाढलेली शुगर, भरपूर अँटिबायोटिक्स, यानेपण थ्रश होतो. ताप आल्यावर जीभ पांढुरकी होते तो थ्रशही नाही. आणि एचआयव्हीत जिभेच्या कडेला खरवडून न निघणारे पांढरे पट्टे आले तर तो वेगळाच प्रकार. फोटोवरून मी ओळखत नाही, तोंड दाखवायला या. माझ्याकडे नाही तर जवळच्या एआरटी सेंटरला, कुठे ते कळत नसेल तर १०९७ वर फोन करा, फुकट आहे.

ताईच्या बाटलीत आता कापूस आहे, वाजत नाही, आणि ती कामाच्या पिशवीत असते. गोळी दुपारी बाराला, पोळ्यांचा पहिला घाणा उतरल्यावर. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, सांगायचं की नाही ते ती ठरवेल. परवा आली तर स्कार्फ गळ्यात होता. म्हणाली, रविवारी घरी असताना अलार्म वाजला, सासूबाईंनी विचारलं हा रोज कसला गं अलार्म.

"काय सांगितलंस?"

"म्हटलं कुकर लावायचा. आता दर रविवारी बरोबर बाराला त्याच ओरडतात, अगं कुकर!"