अर्थप्रश्न : तडजोडीचे हप्ते चालू असताना बहिणीकडून उसने घ्यावे का?

प्रश्न : माझा सांगलीत छपाईचा लहान व्यवसाय आहे. व्यवसायासाठी एका बँकेकडून विनातारण कर्ज घेतले होते, ते थकले. व्याजासह सुमारे अकरा लाख रुपये येणे असताना बँकेने साडेसहा लाखांवर तडजोड मान्य केली. दीड लाख रुपये सुरुवातीला भरले आणि उरलेले पाच लाख दरमहा ५०,००० रुपयांच्या दहा हप्त्यांत द्यायचे ठरले. चार हप्ते वेळेवर गेले. आता मात्र कामे कमी झाली असून माझ्याकडून महिन्याला ३०,००० रुपयांपेक्षा अधिक निघत नाहीत. दुसऱ्या एका बँकेच्या क्रेडिट कार्डाचे १,४०,००० रुपयेही देणे आहेत, त्यांचा ठरावीक भरणा पत्नीच्या पगारातून होतो. नाशिकला असलेली माझी मोठी बहीण निवृत्त शिक्षिका आहे. ती तीन लाख रुपये द्यायला तयार आहे, त्यांतील काही रोख आणि काही मुदत ठेव मोडून. भावोजींचे म्हणणे असे, की त्याबदल्यात वडिलोपार्जित जागेतील अर्धा हिस्सा ताईच्या नावे करावा. (ताईने २००९ मध्ये या जागेवरचे हक्कसोडपत्र मला करून दिले आहे.) चुलतभाऊ स्वतःच्या नावावर पर्सनल लोन काढून देतो म्हणतो. इंग्लंडमध्ये असलेला पुतण्या सांगतो, की अशी तडजोड चालू असताना कोणाकडूनही कर्ज घेता येत नाही. आम्ही काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पुतण्याचे म्हणणे तो राहतो त्या देशापुरते बरेचसे बरोबर आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये आयव्हीए नावाची, धनकोंशी तडजोड करून देणी फेडण्याची कायदेशीर व्यवस्था आहे. तिच्या प्रचलित अटींनुसार पर्यवेक्षकाच्या लेखी संमतीशिवाय ५०० पौंडांहून अधिक उधारी घेता येत नाही. आपल्याकडे व्यक्तींच्या दिवाळखोरीसाठी २०१६च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत स्वतंत्र भाग आहे खरा, परंतु तो १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांनाच लागू झालेला आहे. म्हणून आपली तडजोड हा आपण आणि बँक यांच्यातील करार आहे, आणि आपल्यावर कोणती बंधने आहेत हे त्या मंजुरीपत्रातच पाहावे लागेल. बहिणीकडून पैसे घेण्यास बँकेची परवानगी लागते असा सर्वसाधारण नियम नाही. मात्र अर्ज करताना पैसे कोठून उभे करणार हे आपण लिहून दिले असेल आणि आता ते बदलत असेल, तर बँकेला एका पत्राने तसे कळवावे. यात लपवण्यासारखे काही नाही.

त्याच मंजुरीपत्रात हप्ता चुकल्यास काय होईल हेही लिहिलेले असेल. बहुतेक पत्रांत अशा वेळी तडजोड रद्द होऊन मूळ येणे पुन्हा उभे राहते आणि भरलेली रक्कम त्यातून वजा होते. न्यायालयात दाद मागून मुदत वाढवून घेऊ, या भरवशावर राहू नये. अशी तडजोड (बँकांच्या भाषेत 'एकरकमी तडजोड') हा कर्जदाराचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बिजनौर येथील नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात म्हटले. आणि बँकेची संमती नसताना न्यायालयाने मुदत वाढवून देणे म्हणजे करारच बदलणे होय, असे नोव्हेंबर २०२२ मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे पुढचा हप्ता येण्यापूर्वीच शाखेत जाऊन, हप्ता ३०,००० करून मुदत वाढवता येईल का, हे लेखी विचारावे. नकार आला तरी विचारल्याने काही बिघडत नाही. हप्ता चुकवून नंतर विचारले तर बिघडते.

नकार आलाच, तर ताईंकडे वळावे. पण तीन लाख कशासाठी? सहा हप्त्यांचे तीन लाख होतात हे खरे. परंतु त्यांपैकी १,८०,००० आपण स्वतः देऊ शकता असे आपलेच पत्र सांगते. कमी पडतात ते महिन्याला २०,०००, म्हणजे सहा महिन्यांत १,२०,०००. ताईंना एवढेच मागावेत, आणि तेही एकदम न घेता हप्त्याच्या आधी दरमहा २०,००० असे घ्यावेत. एकदम तीन लाख हाती आले की कागदाचे बिल, कामगारांची उचल, कार्डाची थकबाकी अशा प्रत्येक गरजेला तो पैसा आपला वाटू लागतो. छोट्या व्यावसायिकांच्या घरांत मी हे अनेकदा पाहिले आहे. शिवाय व्यवसाय आणखी खालावला, तर ताईंचे सगळे पैसे अडकलेले नसतील आणि त्यांना थांबता येईल.

रोख रक्कम मात्र घेऊ नये. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. आधीची बाकी धरून हा आकडा मोजला जातो आणि घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. १९६१च्या कायद्यात कलम २६९एसएस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तरतुदीत सख्ख्या बहिणीसाठी वेगळी सूट नाही. वाजवी कारण पटवून दिल्यास दंड टळू शकतो, पण ते पटवत बसण्याची वेळ का आणावी? परतफेडीलाही तसाच नियम आहे. सगळा व्यवहार एनईएफटीने करावा, आणि पैसे तडजोडीच्या किंवा कार्डाच्या बँकेतील खात्यावर न घेता तिसऱ्याच बँकेतील खात्यावर घ्यावेत, कारण आपल्या खात्यावर आलेली रक्कम थकबाकीपोटी वळती करून घेण्याचा हक्क बँका वापरू शकतात.

आता भावोजींची मागणी. ताईंनी २००९ मध्ये हक्क सोडला ही गोष्ट आपण कंसात एका वाक्यात उरकली आहे. भावोजींच्या मनात मात्र ती कंसात नसावी. कायद्याने मुलीला समान वाटा मिळत असताना बहिणीने भावासाठी तो सोडला आणि आज तीच पुन्हा ठेव मोडायला निघाली आहे, हे पाहून घरातल्या माणसाने काही तारण मागितले तर त्याला लोभी म्हणता येणार नाही. तरीही ही मागणी या क्षणी मान्य करणे दोघांच्याही हिताचे नाही. धनकोंना वसुलीपासून रोखण्याच्या किंवा लांबवण्याच्या हेतूने केलेले स्थावर मालमत्तेचे हस्तांतर, १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ नुसार, अडचणीत आलेल्या धनकोच्या मागणीवरून रद्द ठरू शकते. आपल्यावर कार्डाचे देणे आहे आणि तडजोड मोडल्यास पहिली बँकही पुन्हा दारात उभी राहील. सव्वा लाखाच्या उसनवारीसाठी अर्धी जागा बहिणीच्या नावे झाली, तर त्या व्यवहाराचा अर्थ कोणता लावला जाईल हे सांगायला नको. त्यात ताईंनाच कोर्टकचेरी करावी लागेल. जागेचा प्रश्न न्याय्य वाटत असेल, आणि तो मला तसाच वाटतो, तर सगळी देणी फिटल्यावर वकिलाकडे बसून स्वतंत्रपणे सोडवावा.

तारण म्हणून तूर्त साधा, पण नीट लिहिलेला कर्जाचा करार पुरेसा आहे. त्यात प्रत्येक रकमेची तारीख, व्याजदर आणि परतफेडीचा क्रम असावा. ताईंची ठेव जेवढे व्याज देत होती तेवढे तरी त्यांना द्यावे. ते त्यांच्या उत्पन्नात धरले जाईल, हे त्यांना आधी सांगावे. मागणी करताच परत देण्याच्या कर्जाची वसुलीसाठीची मुदत कर्ज दिल्या दिवसापासून तीन वर्षे असते, आणि ती संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी कर्ज मान्य केले तर नव्याने सुरू होते. म्हणून दरवर्षी आपणच एक सहीचे बाकीपत्र ताईंना पाठवावे. बहीण भावावर दावा लावणार नाही हे गृहीत धरूनही मी हे सुचवतो, कारण दोघांपैकी कोणी नसेल तेव्हा मुले हाच कागद पाहतील. सातव्या महिन्यापासून बँकेचा हप्ता नसेल, तेव्हा मोकळ्या होणाऱ्या ३०,००० मधून ताईंना दरमहा १०,००० दिले तर वर्षभरात मुद्दल फिटेल आणि व्यवसायाला थोडा श्वासही मिळेल.

चुलतभावाला आभार मानून नकार द्यावा. पर्सनल लोन त्याच्या नावावर असेल, हप्ता चुकला तर सिबिलमधील (कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेतील) नोंद त्याची बिघडेल आणि बँकेच्या लेखी आपण कोणीच नसाल. तो पैसे बक्षीस म्हणून देऊ म्हणाला तरी सावध राहावे: आयकरासाठी बहीण-भावोजी 'नातेवाईक' ठरतात, चुलतभाऊ ठरत नाही, त्यामुळे त्याच्याकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक बक्षीस घेतल्यास ती सगळी रक्कम करपात्र होते.

ताईंच्या कर्जाची नोंद सिबिलमध्ये येत नाही. तडजोडीची मात्र 'सेटल्ड' अशी येईल, आणि रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३च्या परिपत्रकानुसार तडजोड केलेल्या शेतीव्यतिरिक्तच्या कर्जदाराला नवे कर्ज देण्यापूर्वी किमान १२ महिने थांबावे लागते. तेवढा काळ नव्या यंत्राचा विचार बाजूला ठेवावा. शेवटचा हप्ता गेल्यावर बँकेकडून देणे निरंक असल्याचे पत्र मागून घ्यावे, दोन महिन्यांनी वर्षातून एकदा विनामूल्य मिळणारा पतअहवाल काढून थकबाकी शून्य दिसते का ते तपासावे, आणि दोन्हींची एक प्रत नाशिकला पाठवावी.