वाचकांचे प्रश्न : गोवा ट्रान्स आणि पाचव्या मिनिटाची धून

या महिन्याच्या टपालात सोलापूरहून आलेली तीन पत्रे एकाच संगीताविषयी, गोव्याच्या किनाऱ्यांवर रुजलेल्या ‘गोवा ट्रान्स’ या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताविषयी, निघाली, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : स. न. वि. वि. माझे वय बेचाळीस असून अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेलचा यंत्रमाग कारखाना आहे. पुण्यात शिकत असताना वसतिगृहातील मित्राने एमपीथ्री सीडीवर गोवा ट्रान्स ऐकवला, आणि तेव्हापासून मी जवळजवळ दुसरे काही ऐकलेले नाही. त्यातही मला धूनप्रधान गोवा ट्रान्सच भावतो. पाचव्या-सहाव्या मिनिटाला सगळ्या धुनी एकत्र आल्या की आजही अंगावर काटा येतो. मात्र याच परंपरेतले म्हणून आज जे वाजते, ते मला ऐकवत नाही. सौ. म्हणते, “दिवसभर मागांचा खडखडाट ऐकता, घरी येऊन पुन्हा तेच कशाला?” या संगीतात खरोखर काही आहे, की मी वीस वर्षे एका खडखडाटाच्या नादी लागलो आहे? नव्या संगीतात ती धून का उरली नाही? आणि कुटुंबासह गोव्यात हणजूणला जाऊन ते प्रत्यक्ष ऐकता येईल का?
— एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : सौभाग्यवतींची तक्रार आधी विचारात घेतो, कारण ती अगदीच निराधार नाही. मिनिटाला साधारण १३० ते १५० ठोके, चारही मात्रांवर सारख्याच वजनाचा किक ड्रम (खर्जातला ढोलाचा ठोका) आणि सात-आठ मिनिटे त्यात खंड नाही, असे ज्याचे वर्णन करता येते त्याला कोणी मागाची उपमा दिली तर रागावू नये. फरक एवढाच की मागाचा धोटा प्रत्येक फेरीला तेच काम करतो आणि त्याने वेगळे काही केले तर आपण मिस्त्रीला बोलावतो. ट्रान्समध्ये ठोका मुद्दाम अचल ठेवलेला असतो, तो यासाठी की त्याच्यावर होणारा बारीकसा बदलही कानाला स्पष्ट कळावा.

एक ठोका म्हणजे एक मात्रा धरली, तर धून बहुधा त्या मात्रेचे चार समान भाग करून चालते. म्हणजे १४५ च्या लयीत मिनिटाला ५८० स्वर. सोळा स्वरांचा एक छोटा आकृतिबंध फिरत राहतो आणि सिंथेसायझरचा फिल्टर, म्हणजे आवाजाचा काही भाग अडवणारी चाळणी, हळूहळू उघडत गेला की त्याच सोळा स्वरांतून आधी झाकलेला उजेड बाहेर पडू लागतो. या कामासाठी प्रसिद्ध झालेले रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बेस गिटारची उणीव भरून काढण्यासाठी बाजारात आले आणि त्या कामात सपशेल नापास झाले. पुढे ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्यावर लोकांनी त्याच्या कळा वाजत असतानाच फिरवून पाहिल्या, आणि त्यातून जो चिरकत, वळसे घेत जाणारा आवाज निघाला, तो या संगीताची ओळख ठरला.

आता तुमच्या पाचव्या मिनिटाविषयी. चांगल्या रचनेत पहिले मिनिटभर नुसते वातावरण असते. मग ठोका येतो, त्याखाली बेस, म्हणजे खर्जातली स्वरओळ, धावू लागतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला एक धून अर्धवट, जणू भिंतीपलीकडून ऐकू यावी तशी येते. तिच्यावर दुसरी धून चढते, मध्येच ठोका थांबतो, सारे अधांतरी राहते, आणि ठोका परत येतो तेव्हा ती अर्धवट धून आपल्या जोडीदारणींसह पूर्ण रूपात उभी राहते. अंगावर काटा येतो तो त्या धुनीच्या गोडव्यामुळे थोडा आणि तिची वाट पाहायला लावल्यामुळे जास्त. त्यामुळे ज्याने पहिली चार मिनिटे पुढे ढकलून थेट पाचवे ऐकले, त्याला तुमचे वेड कळणे शक्य नाही. घरातल्यांना दारातून जाता-येता नेमका ठोकाच ऐकू येतो, हेही लक्षात घ्यावे.

या लांबलचक सुरुवातीमागे एक अगदी व्यावहारिक कारण आहे, आणि सोलापूरकरांना ते चटकन पटेल. हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर १९७० च्या दशकात आलेले हिप्पी रॉक वाजवीत असत. १९८० च्या दशकात तिथे इलेक्ट्रॉनिक संगीत आले आणि वादकांनी गाण्यांतले शब्द कापून केवळ वाद्यसंगीताचे तुकडे कॅसेटवर जोडायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियातून आलेला आणि २०२३ मध्ये निधन पावलेला गोवा गिल हा त्यांपैकी सर्वांत ठळक. उन्हात तबकड्या वाकतात (मे महिन्यात आपल्या शहरात ज्याने मोटारीत कॅसेट विसरली आहे, त्याला हे समजावून सांगायला नको), त्यामुळे तिथे पुढे डिजिटल ऑडिओ टेप, म्हणजे डॅट, रूढ झाली. डॅटवर एका रचनेचा वेग दुसरीशी जुळवून घेण्याची सोय नव्हती. म्हणून दोन रचना बिनठोक्याच्या सुरुवातीत आणि शेवटांत एकमेकींत विरघळवाव्या लागत. ही अडचण रचनाकारांनी इतकी मनावर घेतली की तिचे सौंदर्यात रूपांतर झाले.

मात्र या संगीताच्या चाहत्यांना एक गोष्ट थोडी कटू वाटेल: गोवा ट्रान्स गोव्यात वाजला भरपूर, पण रचला गेला बहुतांशी लंडन, इस्रायल, फ्रान्स, इटली अशा ठिकाणच्या स्टुडिओंत. लंडनमध्ये १९९३ साली ड्रॅगनफ्लाय आणि १९९४ साली टिप ही ध्वनिमुद्रिका-प्रकाशने सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटिश डीजे पॉल ओकनफोल्डने बीबीसीच्या रेडिओ वनवर सादर केलेल्या मिश्रणाने हे संगीत किनाऱ्याबाहेरच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचवले. ब्रिटनच्या हॅल्युसिनोजेनचा १९९५ चा आणि इस्रायलच्या अॅस्ट्रल प्रोजेक्शनचा १९९६ चा संग्रह तुमच्या त्या सीडीवर असणारच. सर्वांत दाट विणीची धून हवी असेल, तर प्लेयडियन्स या इटालियन चमूचा १९९७ चा ‘आयएफओ’ ऐकावा. विणीची उपमा टॉवेलच्या कारखानदाराला मुद्दाम देत आहे: त्यात एकेका क्षणी इतके धागे एकमेकांखालून-वरून जातात की एकच धागा धरून शेवटपर्यंत जाणे हा स्वतंत्र आनंद आहे.

धून हरवली ती साधारण १९९७-९८ नंतर. माझ्या मते दोष यशाचा आहे. तीच स्वरसप्तके आणि तेच चढ इतक्या जणांनी गिरवले की रचनाकारच त्याला विटले आणि त्यांनी धून सोडून बेस, पोत आणि काटेकोर तालाकडे मोर्चा वळवला. ते आजचे सायट्रान्स. ते वाईट नाही, पण ते वेगळ्या भुकेचे अन्न आहे, आणि तुम्हाला ते रुचत नाही यात तुमच्या कानाचा दोष नाही. दिलासा असा की बेल्जियममध्ये २००४ साली सुरू झालेल्या सनट्रिप या प्रकाशनाने जुन्या धूनप्रधान वळणाच्या नव्या रचना काढायला सुरुवात केली. फ्रान्सच्या खेत्झालचा २००५ चा ‘कोरोल’ आणि स्वीडनच्या फिल्टेरियाच्या रचना तुम्ही अजून ऐकल्या नसतील, तर तुमचा मला हेवा वाटतो.

हणजूणला जरूर जावे, पण १९९५ शोधायला जाऊ नये. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांवर असलेल्या बंदीची सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या निकालात पुन्हा कठोर पुष्टी केली, आणि रात्रभर जागून सूर्योदयाबरोबर कळसाला जाणाऱ्या या संगीताचा उघड्यावरचा आधारच गेला.

प्रश्न : मी निवृत्त संगीतशिक्षिका आहे. भाचा म्हणतो की गोवा ट्रान्समध्ये भैरवी आणि बसंत मुखारी आहेत. ऐकवतो तेव्हा मला ओळखीचे काही वाटते आणि लगेच निसटते. त्याचे म्हणणे खरे मानावे का?
— रेल्वे लाइन्स, सोलापूर

उत्तर : बाई, ‘ओळखीचे वाटते आणि निसटते’ हे तुमचे निदान कोणत्याही समीक्षकापेक्षा नेमके आहे. या संगीतात पाश्चात्त्यांचा फ्रिजियन मोड (स्वरांची एक ठरावीक मांडणी) वारंवार येतो आणि त्याचे स्वर भैरवी थाटाचेच आहेत. गंधार शुद्ध केला की जो प्रकार होतो, त्याचे स्वर बसंत मुखारीचे. शुद्ध निषाद आणि कोमल धैवतामुळे किरवाणीची आठवण करून देणाऱ्या रचनाही पुष्कळ आहेत. भाच्याचे कान चांगले आहेत, त्याचे कौतुक करावे.

परंतु स्वर जुळले म्हणजे राग आला असे नाही, हे तुम्ही त्याला माझ्याहून चांगले शिकवू शकाल. तिथे वादी-संवादी नाही, न्यासाची जागा नाही, आंदोलित ऋषभ नाही. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून जुळवलेल्या यंत्रातून कोमल ऋषभ खिळा ठोकल्यासारखा सरळ येतो. रचनाकाराला त्या ऋषभातून हवा असतो तो केवळ एक ताण, एक ‘पूर्वेकडचा’ रंग. यामुळे हे संगीत हीन ठरत नाही, पण त्याला आपल्या रागसंगीताचे भावंड म्हणून मिरवण्याचीही गरज नाही. मिरवणुकीच्या ट्रकवरच्या ध्वनिभिंतीला ‘डीजे’ म्हणणाऱ्या आपल्या शहरात एखादा मुलगा यंत्रसंगीतात स्वर मोजत बसतो, एवढ्यानेच मला बरे वाटते.

त्याला एक जोडकाम द्यावे. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली भैरवी, ललत, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर, याच टीबी-३०३ च्या साहाय्याने ध्वनिमुद्रित केले. त्या वेळी त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर जगभरचे श्रोते थक्क झाले. गोवा ट्रान्स त्यातून जन्मला असे मात्र म्हणता येणार नाही. तो मालकंस त्याला ऐकवून, राग कुठे टिकला आणि कुठे नुसते स्वर उरले, हे विचारावे.

प्रश्न : माझा एकोणीस वर्षांचा मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेडफोन लावून हे संगीत ऐकतो. याचा संबंध अमली पदार्थांशी आहे असे ऐकले. काळजी करावी का?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, त्या किनाऱ्यांवरच्या मेळ्यांत अमली पदार्थ होते हे नाकारणे खोटेपणाचे ठरेल, काही रचनांची नावेच त्याची कबुली देतात. पण स्वतःच्या खोलीत ऐकणाऱ्या मुलावर त्यावरून संशय घेऊ नये. त्याच्याजवळ बसून एक रचना पूर्ण ऐकावी; पहिल्या पत्रातील कारखानदारांनी सुपारीलाही हात न लावता वीस वर्षे काढली असतील, यावर माझा सहज विश्वास बसतो.

काळजी करायचीच तर कानांची करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते; म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे अवघे ५ तास उरतात, आणि हे तास तुमचा मुलगा दोन रात्रींत संपवत असेल. बहुतेक मोबाइलमध्ये हेडफोनच्या आवाजाला मर्यादा घालण्याची सोय असते, ती त्याच्याकडूनच लावून घ्यावी. सकाळी कानात कुई असा आवाज राहत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवणचाचणी करून घ्यावी.

हेच कारखानदारांनाही सांगावयाचे आहे. मागांच्या शेडमधला आवाज बहुधा ९० डेसिबलच्या वर असतो. त्याच्यावर मात करण्यासाठी हेडफोनचा आवाज वाढवत नेला, तर दोन्ही मार त्याच कानांवर बसतात. शेडमध्ये कानात बोळे घालावेत आणि ‘आयएफओ’मधली एक पूर्ण रचना घरी, सौ. झोपण्याआधी, तिच्यासह ऐकावी.