रिम काट्यावर ठेवून बघा

प्रश्न : मी नाशिकला ऑफिसांना झेरॉक्स मशीन विकतो. कागद महागलाय, वेळेवर मिळतही नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "कागदाचीच मारामार, नवं मशीन घेऊन काय करू?" त्यांना काय सांगू?

उत्तर : गिऱ्हाईक खोटं बोलत नाही, आधी ते मान्य करा. २०२१-२२ च्या टंचाईत मीही हेच ऐकायचो.

ब्रोशर बॅगेतच ठेवा. जुन्या मशीनचा मीटर वाचा, महिन्याला किती रिम लागतात ते स्टोअरकीपरला विचारा (साहेबांना नको, त्यांना माहीत नसतं). ७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम), ५०० पानांचा ए-फोर रिम भरतो साधारण २.३४ किलो. वीस रिम म्हणजे सत्तेचाळीस किलो! वजन ऐकलं की माणूस खुर्चीत पुढे सरकतो.

मग डुप्लेक्स, म्हणजे पानाच्या दोन्ही बाजूंना छापायची सोय दाखवा. पण "कागद निम्मा लागेल" म्हणू नका. एकपानी पत्रांत काहीच बचत होत नाही. खरी गळती ट्रेवर असते. एका ऑफिसात संध्याकाळी मी बेवारस प्रिंट मोजले, ६३ निघाले. पिन टाकल्याशिवाय प्रिंट निघणार नाही अशी सोय त्यांना लगेच पटली.

स्वस्त कागदाबद्दल आधीच बजावा. त्याचा भुसा रोलरवर बसतो, पावसाळ्यात उघडा रिम ओल धरतो, पान अडकतं आणि शिव्या तुम्हाला.

मशीनबरोबर कागद पुरवायचा शब्द मात्र देऊ नका. मी दिला होता. दहा रिम पदरचे गेले.