भिंत ओली का राहते? खाडीकाठच्या घरांविषयी वाचकांचे प्रश्न

किनाऱ्यावरच्या घरांबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. गावं वेगळी असली तरी बहुतेकांना एकच गोष्ट हवी आहे, ती म्हणजे वॉटरप्रूफ रंगाचं नाव. रंगाआधी पाण्याची वाट शोधावी लागते. ते जमिनीतून चढतंय, पावसाच्या माऱ्याने बाहेरून शिरतंय, की हवेतलं बाष्प थंड जागी जमतंय? एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की घराचं नुकसान वाढतं, म्हणून उत्तरं थोडी सविस्तर दिली आहेत.

प्रश्न: गुहागरजवळचं आमचं घर जांभ्याचं, साठेक वर्षांचं आहे. दहा वर्षांपूर्वी जुना चुन्याचा गिलावा काढून आतून-बाहेरून सिमेंटचा केला. आता जमिनीपासून तीन फुटांपर्यंत पोपडे सुटतात, पांढरी भुकटी पडते. रंगारी आतून वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात मारायला सांगतो. मारावेत का?

नका मारू. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो आणि त्या काळच्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर सहसा नसतो. त्यामुळे जमिनीतलं पाणी चिऱ्यांतून आणि दरजांतून, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांतून, वर चढतं. चुन्याचा गिलावा होता तोवर हे पाणी भिंतभर वाफ होऊन निघून जायचं. सिमेंटने ती वाट बंद केली, म्हणून पाणी बाहेर पडायला जागा शोधत आणखी वर गेलं. त्यावर कोटिंग बसलं की आज तीन फुटांवर असलेली रेघ दोन-तीन वर्षांत पाच फुटांवर दिसेल.

पांढरी भुकटी म्हणजे लोणा. पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाजवळ सुकतात, स्फटिक होऊन फुगतात आणि गिलावा आतून उचलतात. खाडीकाठी यात मुख्यतः मीठ असतं, आणि हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. मे महिन्यात कोरडी वाटणारी भिंत जूनमध्ये, अंगावर पावसाचा थेंब पडण्याआधीच, काळपट ओली दिसते ती यामुळे. नुसती ओल अडवून भागत नाही, मीठही काढावं लागतं.

आधी खात्री करा. गिलावा शाबूत आहे अशा जागी फूटभर लांब-रुंद जाड प्लॅस्टिक चारही कडांना टेप लावून चिकटवा आणि ४८ तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतलं आहे, खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतलं.

काम बाहेरून सुरू करा. अंगणात वर्षानुवर्षं भराव पडून, पेव्हर बसून जमीन वर आलेली असते. भिंतीलगतची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान १५० मि.मी. खाली हवी. भिंतीला टेकलेलं काँक्रीट दोन फूट रुंदीत काढा, उतार बाहेरच्या बाजूला द्या आणि तिथे खडी भरलेली चर ठेवा. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी आपटून वर उडतं, ते टाळायला पन्हळ लावा. बऱ्याच घरांत एवढ्यानेच ओलीची रेघ फूटभर खाली येते.

मग आतला-बाहेरचा सिमेंट गिलावा ओलीच्या रेघेच्या दीड फूट वरपर्यंत उतरवा, पण छिन्नी-हातोडीने. ब्रेकर मशिनने चिऱ्यांच्या कडा फुटतात. दरजा २० मि.मी. खोल खरवडा आणि नायलॉनच्या ब्रशने कोरड्याच झाडा. इथे हमखास चूक होते: गडी पाइप लावून भिंत धुतात, वरचं मीठ विरघळतं आणि पुन्हा आत जातं. निघालेला भुगाही घराबाहेर न्या, भिंतीच्या कडेला टाकू नका. लोणा जास्त असेल तर कागदाचा लगदा साध्या, बिनखाऱ्या पाण्यात कालवून १५ मि.मी. जाडीने थापा आणि पूर्ण सुकल्यावर सोलून काढा. सुकताना तो मीठ ओढून घेतो. दोन-तीन वेळा करा.

भिंत सुकायला वेळ लागतो. जाडीच्या प्रत्येक इंचाला महिना हा रूढ अंदाज आहे. म्हणून गिलावा दिवाळीनंतर उतरवा आणि मार्चपर्यंत भिंत उघडी राहू द्या. दिसायला वाईट दिसतं, पण हे तीन-चार महिने वाचवायला गेलात तर पुढचं सगळं काम वाया जातं.

जमीन उतरवूनही ओल चढत राहिली तर दरजांत सिलेन क्रीम (पाणी झटकणारं रसायन) भरून आडवा अडसर करता येतो. बाहेरच्या जमिनीपासून १५० मि.मी. वरच्या आडव्या दरजेत १२ मि.मी. व्यासाची भोकं १२० मि.मी. अंतराने पाडायची, समोरच्या बाजूला ४० मि.मी. शिल्लक राहतील एवढी खोल. भोकं दरजेतच पाडा. चिऱ्यात आतून पोकळ्या असतात, क्रीम त्यात जातं आणि अडसर सलग होत नाही.

नवा गिलावा चुन्याचाच करा. मुरवलेला चुना एक भाग, सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) एक भाग, धुतलेली नदीची वाळू दोन भाग. एका हाताला १० ते १२ मि.मी.पेक्षा जाड थर नको, आणि पहिला घट्ट झाल्याशिवाय दुसरा नको. आठवडाभर ओलं गोणपाट लावून उन्हापासून जपा. लवकर सुकला तर भुसभुशीत होतो. वर चुन्याची सफेदी. त्यावर प्लॅस्टिक इमल्शन मारलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

प्रश्न: अलिबागजवळच्या नागावात आमचं सुट्टीचं घर आहे. महिन्यातून दोनदा जातो, गेल्यावर एसी १८ वर लावतो. दर पावसाळ्यात वॉलपेपरच्या मागे काळी बुरशी येते, कपाटातल्या गाद्यांना वास येतो. छत गळत नाही.

इथे पाणी हवेतून येतंय. पावसाळ्यात बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू सुमारे २७ अंश असतो. म्हणजे २७ पेक्षा थंड असलेल्या ज्या पृष्ठभागाला ती हवा लागेल, त्यावर पाणी जमेल. तुमची खोली १८ वर, भिंत थंड, आणि बाहेरची दमट हवा भिंतीतून, फटींतून आत येते. ती नेमकी वॉलपेपरच्या पाठीशी अडते, कारण विनाइलचा कागद बाष्प पुढे जाऊ देत नाही. मागे ओल आणि खायला खळ, बुरशीला आणखी काय हवं?

थंड देशांत बाष्परोधक थर भिंतीच्या आतल्या बाजूला घालतात. आपल्या किनाऱ्यावर एसी असलेल्या घरात बाष्प बाहेरून आत येतं, म्हणून अडवायचं ते बाहेरच्या बाजूला. आतला रंग बाष्प जाऊ देणारा हवा. वॉलपेपर काढा, निदान बाहेरच्या भिंतींवरचा तरी. कपाटं त्या भिंतींपासून ५० मि.मी. पुढे ओढा आणि पायावर उचलून घ्या.

एसी २६ वर ठेवा. पोहोचल्या पोहोचल्या गार करायची घाई केली की यंत्र हवा लवकर थंड करून बंद पडतं, पण आर्द्रता तशीच राहते. आणि एसी चालू असताना खिडकी उघडू नका.

बंद घरासाठी डिह्युमिडिफायर घ्या, एसी चालू ठेवून जाऊ नका. दिवसाला २० ते ३० लिटर पाणी काढणारं, आर्द्रता ठरवून देता येईल असं यंत्र घ्या. ते ६० टक्क्यांवर लावा आणि पाण्याची नळी थेट न्हाणीच्या जाळीत सोडा. टाकीवर विसंबलात तर ती भरते आणि पहिल्याच दिवशी यंत्र थांबतं. आतली दारं उघडी ठेवा, खिडक्यांच्या फटी बंद करा. शंभरेक रुपयांत मिळणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या बंद कपाटात उपयोगी पडतात, खोलीला पुरत नाहीत.

आलेली बुरशी कोरडी झाडू नका, तिची बीजं घरभर उडतात. एन-९५ मास्क लावून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. ब्लीच वापरलं तर त्यात टॉयलेट क्लीनर मुळीच मिसळू नका, विषारी वायू होतो. वास मुरलेल्या कापसाच्या गाद्या टाकून द्याव्यात हे बरं.

प्रश्न: वेंगुर्ल्यात स्लॅबचं घर आहे. एप्रिल-मेमध्ये वरची खोली भट्टी होते. ठेकेदार म्हणतो, आतून फॉल्स सीलिंग करून वर ग्लासवूल भरू.

ग्लासवूल कोरडं असेल तरच काम करतं. तुमच्याकडे ते दमट हवेने जड होऊन खाली बसेल, आणि वरून स्लॅब तापतच राहील. ऊन स्लॅबच्या वरच अडवा.

क्रम असा: गच्चीला १०० ला १ उतार, त्यावर वॉटरप्रूफिंग, पॅरापेटवर, म्हणजे गच्चीच्या कठड्यावर, ते ३०० मि.मी. चढवून कोपऱ्याला गोलाई. मग गच्चीत ४८ तास पाणी साठवून खाली छत बघा. ही चाचणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण नंतर गळती शोधायला सगळं उखडावं लागतं. त्यावर ५० मि.मी. जाडीच्या एक्सपीएसच्या (पाणी न धरणाऱ्या दाट फोमच्या) पाट्या. त्याच घ्या, पांढऱ्या थर्मोकोलच्या पाट्या कालांतराने पाणी धरतात. पाट्यांवर जिओटेक्स्टाइल कापड, वर जाळी घातलेला ५० मि.मी. कोबा आणि पांढरी चायना मोझॅक. वॉटरप्रूफिंग पाट्यांच्या खाली राहिल्यामुळे त्याला ऊन लागत नाही आणि तेही जास्त टिकतं.

तुमच्याकडे बरेच जण गच्चीवर पत्र्याची शेड करतात. तीही चालते, मात्र दोन बाजू वाऱ्याला उघड्या हव्यात. चारही बाजू बंद केल्या तर रात्री पत्रा गार होऊन खालून ठिबकतो. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे घ्या. खाऱ्या हवेत ३०४ वर तांबूस डाग येतात आणि साधे गॅल्व्हनाइज्ड स्क्रू लवकर कुजतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत किती छपरं उडाली हे सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हा शेडचे खांब पॅरापेटच्या विटांत अडकवू नका, स्लॅबला किंवा कॉलमला बांधा.

प्रश्न: दक्षिण गोव्यात बेतूलजवळ नदीकाठी घर बांधतोय. खाडीची वाळू स्वस्त मिळते, धुऊन घेतली तर चालेल का? क्युअरिंगला (काँक्रीट भिजत ठेवायला) आमच्या विहिरीचं पाणी आहे, जरा मचूळ लागतं.

दोन्ही नको. क्लोराइडमुळे सळीवरचा संरक्षक थर तुटतो, सळी गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. काँक्रीटसाठीच्या भारतीय मानक ४५६ नुसार सळी असलेल्या काँक्रीटच्या एका घनमीटरमध्ये क्लोराइड ०.६ किलोपेक्षा जास्त नको, आणि पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. साइटवर बादलीने धुतलेली वाळू यात बसली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. एम-सँड (दगड फोडून केलेली वाळू) घ्या, आणि विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय मिश्रणात किंवा क्युअरिंगला वापरू नका.

किनारी हवेत काँक्रीट किमान एम-३० (हा ताकदीचा दर्जा) आणि सळीवर ४५ मि.मी. कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, खाऱ्या पाण्याचे तुषार काँक्रीटवर येत असतील तर एम-३५ आणि ५० मि.मी. कव्हर हवं. कव्हरसाठी सळीखाली ठेवायचे ब्लॉक खडीच्या तुकड्यांचे नकोत, काँक्रीटचे हवेत. फरशीखाली २५० मायक्रॉनचं पॉलिथिन, जोडाला २०० मि.मी. एकमेकांवर चढवून. त्याच्या कडा भिंतीतल्या ओलरोधक थराला जाऊन मिळाल्या पाहिजेत. या दोन थरांमध्ये फट राहिली तर ओल तिथूनच वर येते.

प्रश्न: मालवण, पश्चिमेची खोली. वाऱ्याचा पाऊस आला की सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीखालची भिंत आतून भिजते. सिलिकॉन तीन वेळा भरून झालं.

बहुधा सिलिकॉननेच घोटाळा केलाय. बाहेर उभं राहून खालच्या चौकटीची बाहेरची कड बघा. तिथे बोटभर लांबीच्या दोन-तीन खाचा असतात. रुळात साठलेलं पाणी बाहेर जायची ती वाट आहे. त्या बुजल्या की रूळ पन्हळीसारखा भरतो आणि पाणी आत ओसंडतं. खाचा टोकदार सुरीने मोकळ्या करा आणि तांब्याभर पाणी रुळात ओता. ते बाहेर पडायला हवं.

मग खिडकीखालच्या कठड्याचा उतार बघा. तो बाहेरच्या बाजूला हवा. वरच्या छज्जाच्या पोटात, कडेपासून २५ मि.मी. आत, १२ मि.मी. रुंद आणि १० मि.मी. खोल खोबण नसेल तर ग्राइंडरने पाडा. पाणी छज्जाच्या पोटाला धरून भिंतीकडे यायचं ते तिथेच तुटून खाली पडतं. हे काम एका दिवसाचं आहे, पण सळी कुठे आहे ते बघून करा.