टॅब की किंडल? आधी तुझं फोल्डर उघड

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

बारा ते पंधरा हजारांत टॅब घ्यावा की किंडल, म्हणजे अ‍ॅमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, असं तू विचारलंस. वाचनही व्हायला हवं आणि इंटरनेटही चालायला हवं. सोबत तीन मॉडेलांची नावंही पाठवलीस. ती मी तूर्त बाजूला ठेवली आणि तू अभ्यासाच्या फाइल्सचं जे फोल्डर पाठवलंस ते आधी उघडलं. राज्याची आर्थिक पाहणी, ‘लोकराज्य’चे अंक, एनसीईआरटी आणि बालभारतीची पुस्तकं, लोकसेवा आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका, कुणाच्या तरी हस्तलिखित नोट्सचे स्कॅन. यातली प्रत्येक फाइल पीडीएफ आहे आणि बहुतेकींचं पान ए-फोर किंवा त्याच्या जवळपासचं आहे. तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मला तिथेच मिळालं.

ए-फोर पान २१ सेंटीमीटर रुंद असतं. सहा इंची किंडलचा पडदा उभा धरला तर जेमतेम ९ सेंटीमीटर. म्हणजे मूळ पानावरचं १२ पॉइंटचं अक्षर तिथे ५ पॉइंटचं होतं (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप). औषधाच्या बाटलीवरच्या सूचना एवढ्याच बारीक असतात. बोटांनी पान मोठं करता येतं, पण मग प्रत्येक ओळीला पान डावीकडे-उजवीकडे सरकवत बसावं लागतं, आणि किंडलचा कागदासारखा दिसणारा ई-इंक पडदा दर सरकवण्याला क्षणभर अडखळतो. आर्थिक पाहणीतला आठ स्तंभांचा तक्ता अशा पडद्यावर वाचून बघ. दोन पानांतच जीव मेटाकुटीला येईल.

‘मग पीडीएफचं ईपब करून घेते’ असं तू म्हणशील, म्हणजे अक्षर हवं तेवढं मोठं केलं तरी ओळी पडद्यात बसतात अशी फाइल. इंग्रजी पुस्तकांचं ते बऱ्यापैकी जमतं. मराठीचं दुखणं वेगळं आहे. आपल्याकडच्या कितीतरी पीडीएफ युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला सगळीकडे एकच संकेत देणारी पद्धत येण्याआधीच्या, फॉन्टांत जुळवलेल्या आहेत. श्रीलिपी, कृतिदेव आणि त्यांची भावंडं. पडद्यावर तुला सुबक देवनागरी दिसते, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. रूपांतर केलंस की तीच खिचडी बाहेर येते. असली फाइल ओळखायची असेल तर तिच्यातली एक ओळ कॉपी करून मेसेजमध्ये चिकटव. मराठी उमटलं तर फाइल युनिकोडमधली आहे, अगम्य काहीतरी उमटलं तर जुन्या फॉन्टातली, आणि ओळ निवडताच आली नाही तर तो नुसता फोटो आहे. तुझ्या फोल्डरमधल्या पाच-सहा फाइल्सवर आजच करून बघ.

किंडल वाईट आहे असं मात्र समजू नकोस. सलग गद्य वाचायला त्याच्याइतकं चांगलं यंत्र मला माहीत नाही. त्याच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे आणि पांढरे कण असतात. पान उलटताना त्या कणांना विजेचा हलका धक्का मिळतो, हवे ते कण वर येतात आणि तिथेच थांबतात. अक्षर तसंच धरून ठेवायला वीज लागत नाही, म्हणून एकदा चार्ज केलं की काही आठवडे बघावं लागत नाही. भर उन्हात अंगणात बसून कागदासारखं वाचता येतं. २०१६च्या डिसेंबरपासून त्यावर मराठी पुस्तकं रीतसर मिळू लागली आणि कादंबऱ्या, चरित्रं वाचणाऱ्यांची मोठीच सोय झाली. तू रोज रात्री तास-दोन तास कादंबरी वाचणारी असतीस, तर डोळे मिटून किंडल घे म्हटलं असतं. पण त्यातला ब्राउझर अगदी नावापुरता असतो. विश्वकोशातली एखादी नोंद उघडायला गेलीस तरी कंटाळशील, आणि व्याख्यानांचे व्हिडिओ तर विसरूनच जा. शिवाय किंडलचं अ‍ॅप टॅबवर फुकट चालतं. म्हणजे टॅब घेतलास म्हणून ती पुस्तकं तुला पारखी होत नाहीत.

तेव्हा तू टॅबच घे. आता तो कसला घ्यायचा, ते नीट वाच.

तुझ्या यादीतला पहिला टॅब ८.७ इंची आहे. तो हातात छान बसतो, स्वस्तही आहे, पण तुझ्या कामाला लहान पडेल. ११ इंची टॅब उभा धरला की रुंदी जवळजवळ १५ सेंटीमीटर होते. आपली नेहमीची डेमी आकाराची मराठी पुस्तकं असतात, त्याहून हे किंचित जास्तच. त्यावर ए-फोर पानाचं १२ पॉइंटचं अक्षर आठ-साडेआठ पॉइंटचं दिसतं, आणि पानाचे चारही बाजूंचे कोरे समास छाटले तर चक्क ११च्या घरात जातं. ‘रीडएरा’ नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यात समास छाटायची सोय आहे. जाहिराती नाहीत, आणि तू कुठल्या पानावर थांबलीस ते प्रत्येक फाइलसाठी लक्षात ठेवतं.

पडद्याच्या आकाराइतकंच त्याचं रेझोल्यूशन बघ. तुझ्या यादीतला दुसरा टॅब १०.१ इंची आहे आणि त्याचं रेझोल्यूशन १२८० बाय ८०० आहे. म्हणजे एका इंचात साधारण १५० ठिपके. रोमन लिपीचं त्यावर भागून जातं, आपलं नाही. शिरोरेखेच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षराची दाटी. एवढं सगळं एका ओळीच्या उंचीत बसवायचं तर ठिपके जास्त हवेत. तिसरा टॅब ११ इंची, १९२० बाय १२०० आहे. तिथे इंचाला दोनशेच्या वर ठिपके पडतात आणि तो फरक दिसतो. तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस. दुकानात जाताना तुझ्या तीन फाइल्स पेनड्राइव्हवर किंवा ड्राइव्हवर घेऊन जा: एक तक्ता, एक स्कॅन, एक बारीक टायपातलं पान. पान पूर्ण दिसेल असं ठेव आणि ‘आर्द्रता’, ‘उद्ध्वस्त’, ‘वैशिष्ट्ये’ असले शब्द शोध. ‘द्ध्व’मधला प्रत्येक भाग सुटा ओळखता आला तर पडदा तुझ्या उपयोगाचा आहे. मग वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब डोळ्यांवर येतं का तेही बघ, कारण तुझ्या अभ्यासिकेत दिवसभर ट्यूबलाइटच असणार. दुकानदार डेमोचा रंगीत व्हिडिओ लावून दाखवेल. त्यात सगळेच पडदे सुंदर दिसतात.

रॅम निदान ४ जीबी हवी, ६ मिळाली तर उत्तम. जाहिरातीत ‘४+४’ लिहिलेलं असतं, त्यातले दुसरे ४ म्हणजे साठवणुकीचीच जागा उसनी घेतलेली असते, ती खऱ्या रॅमसारखी धावत नाही. साठवण ६४ जीबी पुरेल, फक्त मेमरी कार्डाचा खाचा असू दे. अनोळखी नावाचे पाच-सहा हजारांचे टॅब ‘१२ जीबी रॅम’ म्हणून विकले जातात, त्यांच्याकडे फिरकूही नकोस. अँड्रॉइड १४च्या आतला टॅब घेऊ नकोस, आणि पुढे किती वर्षं सुरक्षा अपडेट मिळतील ते कंपनीच्या साइटवर वाचून घे. तू त्यावरून अर्ज भरणार, फी भरणार, म्हणून हे महत्त्वाचं. सर्व्हिस सेंटर निदान जिल्ह्याच्या ठिकाणी आहे ना, तेही विचार.

सिमकार्डाचा टॅब घेऊ नकोस. तो महाग पडतो, आणि फोनचा हॉटस्पॉट तुला आहेच. यात आणखी एक फायदा मला दिसतो. अभ्यासिकेत गेल्यावर हॉटस्पॉट बंद ठेवलास की टॅबमध्ये फक्त उतरवून ठेवलेली पुस्तकं उरतात. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम घालूच नकोस. मी आग्रहाने सांगते, कारण हुशार मुलांचे दुपारचे तास त्यात जाताना मी जवळून बघितले आहेत, आणि तुझे तास मला मोलाचे वाटतात.

जुना टॅब स्वस्तात मिळतोय म्हणालीस. मिळतो, पण जपून. शिकवणीच्या कंपन्यांनी किंवा योजनांमधून वाटलेले टॅब बाजारात फिरत असतात. त्यांत कधी कधी कुलूपबंद सॉफ्टवेअर असतं, त्यामुळे हवं ते अ‍ॅप घालता येत नाही. मूळ मालकाचं गूगल खातं निघालेलं नसेल तर रीसेट केल्यावर टॅब त्याच खात्याचा पासवर्ड मागतो. म्हणून पैसे देण्याआधी समोर रीसेट करून, तुझ्या खात्याने सुरू करून घे. सिमचा असेल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या टॅबचा ओळख क्रमांक, बघ आणि संचार साथी या सरकारी साइटवर तपास. एवढं करायला विकणारा कुरकुरला तर उठून ये.

पैशांचं म्हणशील तर सगळे पंधरा हजार टॅबवर घालू नकोस. टेकू देऊन उभं करता येईल असं कव्हर आणि पडद्यावर लावायची काच यांना हजारभर ठेव. हप्त्यावर घेणार असशील तर ‘बिनव्याजी’ शब्दाखाली प्रोसेसिंग फी किती आहे ते आधी विचार. दिवाळीच्या आसपास ऑनलाइन भाव उतरतात, पण तुझी पूर्वपरीक्षा त्याआधी असेल तर थांबू नकोस. दीड हजार वाचवायला तीन महिने फोनच्या पडद्यावर डोळे ताणणं परवडणारं नाही.

आणि वाचनालयाचं कार्ड चालू ठेव. संदर्भग्रंथ चाळायला, दोन पानं शेजारी उघडी ठेवून ताडून बघायला अजूनही छापील पुस्तकच बरं पडतं.

तुझ्या यादीतला तिसरा टॅब मला पटतो. फक्त त्याचा ४ जीबीचा प्रकार आणि ६ जीबीचा प्रकार यांच्या किमतीत किती फरक पडतो ते दुकानातून फोटो काढून पाठव. दुपारी चारनंतर मी मोकळी असते, लगेच कळवीन.

तुझी,
मॅडम