थेरपिस्ट झोप, जेवण आणि लोकलचा प्रवास का विचारते?

वडील जाऊन आठ महिने झाले, छातीवर दडपण येतं, रात्री झोप नाही, असं तुम्ही लिहिलंत. दादरच्या थेरपिस्ट वडिलांपेक्षा झोप, जेवण, पाळी आणि डोंबिवलीच्या लोकलबद्दलच जास्त विचारतात, मग ही कसली ‘होलिस्टिक’ पद्धत, म्हणजे मन, शरीर आणि रोजचं जगणं एकत्र पाहणारी, हा तुमचा प्रश्न. मी स्वतः बरीच वर्षं थेरपी घेतली आहे. माझं मत स्पष्ट आहे: त्या योग्य दिशेने चालल्या आहेत.

दुःख फक्त डोक्यात बसत नाही. झोप मोडते, भूक जाते, झोप मोडली की चिडचिड वाढते, आणि त्याच अवस्थेत सकाळी गर्दीच्या डब्यात उभं राहायचं असतं. आठ महिने रडायलाही एकांत मिळाला नसेल, तर लोकलबद्दलचा प्रश्नही वडिलांबद्दलचाच आहे. बाई तुमचा दिवस समजून घेत आहेत.

छातीवरच्या दडपणासाठी आधी फिजिशियनकडे जाऊन ईसीजी काढा. थायरॉईड आणि बी-१२ सुद्धा तपासून घ्या, कारण त्यांच्या गडबडीतही थकवा आणि उदासी येते. चांगला थेरपिस्ट हे स्वतःहून सुचवतो. औषध लागेल असं वाटलं तर तो मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो, कारण गोळ्या लिहून देणं त्याचं काम नाही. खासगी फी झेपत नसेल तर मुंबईतली केईएम, नायर आणि सायन ही पालिकेची रुग्णालयं आहेत, तिन्हीकडे मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. रांग असते, पण डॉक्टर अनुभवी असतात.

‘होलिस्टिक’ या नावाखाली कुणी स्फटिक, महागडी पॅकेजेस किंवा ‘गोळ्या बंद करा’ असं सांगू लागलं, तर तिथून उठा. थेरपिस्टचं शिक्षण आणि नोंदणी विचारायला संकोचू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते.

आता करुणेबद्दल, कारण थेरपिस्ट ‘नुसतं गोड बोलतात’ हे तुम्ही कळवलेलं तुमच्या मैत्रिणीचं वाक्य मला खटकलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलं होतं की माणूस बदलायचा तर थेरपिस्टमध्ये सच्चेपणा, समोरच्याचा विनाअट स्वीकार आणि त्याच्या जागी उभं राहून समजून घेणं हवं. यात गोड बोलणं कुठेच नाही. वडिलांवर तुमचा राग असेल तर ‘असं बोलू नये’ म्हणून तो दाबला जात नाही, तो ऐकला जातो. आपल्या घरांत गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायची सोय नसते. ती सोय त्या खोलीत असते, आणि मला तरी सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला.

तीन सत्रांत निकाल लावू नका. पुढच्या वेळी सरळ विचारा, ‘आपण कुठे चाललो आहोत? मला वडिलांबद्दल बोलायचं आहे.’ या प्रश्नाने थेरपिस्ट दुखावला जात असेल तर दुसरा शोधा.

जगू नये असं वाटलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि प्रवास झेपत नसेल तर अधूनमधून ऑनलाइन सत्र मागून पाहा. वन रूम किचनमध्ये सगळे घरी असताना मात्र ते जमत नाही. घर रिकामं असेल ती वेळ ठरवा, इअरफोन लावा, आणि घरच्यांना आधीच सांगा की हा तास माझा.